मासोळीतली ओल

आमच्या नातवाचा जन्म झाला तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन मी सगळ्यात आधी शेजारच्या सुखदेवभाऊकडे गेलो. म्हटलं, "भाऊ, नातू झाला. सव्वातीन किलोचा."

सुखदेवभाऊनं पेढा घेतला, बोटांनी दाबून पाहिला अन् विचारलं, "तोलला कवा? आंग पुसल्यावर, का पुसाच्या आधी?"

"मले काय मालूम. नर्सनं तोलला."

"मंग पाव किलो ओल वजा कर. तीन धर. तीनबी काई कमी नाई. चांगला माल हाये."

माझी सून अमरावतीची. तिच्या कानावर हे गेलं, अन् बारशाच्या दिवशी तिनं सुखदेवभाऊला जेवायला बोलावलं पण पाळण्याजवळ येऊ दिलं नाही. त्याला त्याचं काही वाटलं नाही. पुरी खाता खाता त्यानं दुरूनच पाहिलं अन् माझ्या कानात म्हणाला, "आता पाह्य. बराबर वाळला."

असा हा माणूस. सुखदेव इंगळे. अकोल्याच्या कापूस बाजारात तो मापारी होता अन् मी हमाल. तो काटा सांभाळायचा, मी पाठ. पस्तीस वर्षं आम्ही एकाच शेडात काढली अन् आता म्हातारपणी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहतो.

कापूस ओला असला की वजन वाढतं, हे लहान पोरालाही कळतं. त्यामुळे काही बहाद्दर कापसावर पाणी मारून गाडी आणायचे. सुखदेवभाऊ गाडीपाशी जायचा, कोपरापर्यंत हात आत खुपसायचा अन् डोळे मिटायचा. मग दोन सरक्या काढून दाताखाली धरायचा. कट्ट आवाज आला तर माल वाळलेला. नाही आला तर कोणाकडेच न पाहता म्हणायचा, "ओल वजा करा, मंग बोला." त्यावर अडत्याही गप अन् शेतकरीही गप. कारण दोघांनाही माहीत होतं की हा माणूस इकडे झुकत नाही अन् तिकडेही झुकत नाही. काट्याची जीभ तरी वाऱ्यानं हलते, ह्याची तेवढीही हलायची नाही.

बाजार सुटला, पण ती सवय काही सुटली नाही. मेथीची जुडी घेतली की तो आधी ती बाईच्या पाटीवर झटकतो, मग तोलायला देतो. टरबूज घेतच नाही. म्हणतो, "त्याच्यात तोलाचं काय?" आमच्या चौकात एक पुढारी पाऊण तास बोलून गेला. सुखदेवभाऊ पहिल्या रांगेत बसून शेवटपर्यंत ऐकत होता. उठताना म्हणाला, "ओल काढली तं दीड मिन्टाचा माल." सोयरीक जुळवणारे लोक त्याला घरात घेत नाहीत. मुलाचा मामा म्हणाला, आमचा पोरगा कंपनीत साहेब आहे, की हा विचारतो, "ओल वजा करून काय हाये?"

माझ्याशीही तेच. मी कोणाला सांगत असलो की जवानीत मी एका दमात तीन पोते उचलून ट्रकवर चढवायचो, तर हा मागून बोलणारच, "दोन होते म्हादेवा. एक ओल हाये."

तीन होते. मी आजही सांगतो, तीन होते.

त्याचं दुसरं वेड वाळलेल्या मटणाचं. आमच्याकडे त्याला चान्या म्हणतात. बकऱ्याचं बिनचरबीचं मटण लांब लांब कापायचं, मीठ अन् हळद चोळायची अन् गच्चीवर दोरीला टांगायचं. अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला माहीत असेलच. तीन दिवसांत मटणाचं चामडं होतं. मग ते वर्षभर राहतं. निखाऱ्यावर भाजून कुटा किंवा तुरीच्या डाळीत शिजवा, भाकर दोन घास जास्तच जाते.

कमळावहिनी होत्या तोवर त्याच करायच्या. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून हे काम सुखदेवभाऊनं हातात घेतलं. डोक्याला ओलं फडकं, डोळ्याला काळा चष्मा, अन् दोरीवर वहिनींच्या लग्नातली मच्छरदाणी, कावळ्यांसाठी. एकेक चानी कानाजवळ नेऊन वाकवतो. कट्ट मोडली तर पास. नाही मोडली तर पुन्हा दोरीवर. पाच किलो मटणाची ही परीक्षा दोन दिवस चालते अन् तेवढे दिवस तो कोणाशी बोलत नाही.

आमच्या मंडळीच्या गळ्यात माळ आहे. घरात अंडंही चालत नाही. म्हणून मी ही चीज शेजारीच खातो. जिभेसाठी नाही खात. माणसानं एवढी मेहनत केली तर कोणीतरी तिला मान द्यायला पाहिजे, म्हणून खातो.

आता मुख्य गोष्ट.

सुखदेवभाऊला एकच लेक, प्रज्ञा. मस्कतला दवाखान्यात नर्स आहे. दरवर्षी मे महिन्यात पंधरा दिवस येते. येताना साबण, खजूर, बापाच्या गोळ्या आणते. जाताना किलोभर चान्या नेते, कापडी पिशवीत शिवलेल्या. शिवायला पोत्याची सुई अन् सुतळी, कारण सुखदेवभाऊला दुसरं शिवणं येत नाही.

गेल्या मे महिन्यात तिला दहाच दिवसांची सुटी होती. आल्या आल्या तिनं बॅग उघडली अन् आठ चपटे डबे काढून ओट्यावर रचले. मला वाटलं बूट पॉलिश. म्हटलं, "बाई, तुह्या बापाले चप्पल हाये, बूट कुठी हाये?"

"काका, मासोळी आहे."

"ह्याच्यात?"

"ह्याच्यात."

सुखदेवभाऊनं एक डबा उचलला, कानाजवळ नेला अन् हलवला. आत डुबुक आवाज आला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बाजारात हजारदा पाहिलं होतं.

प्रज्ञानं आधी बापाचं बीपी पाहिलं, मग तोंड उघडलं. "बाबा, हे बघा. त्या चान्यांमध्ये नुसतं मीठ आहे. तुम्हाला चालत नाही, अन् आता मलाही मीठ कमी करायला सांगितलंय. मी तिकडे हेच खाते. ह्यात प्रोटीन आहे, चांगली चरबी आहे, बारीक काटे खाल्ले तर हाडांनाही बरं. ह्या वर्षी मी चान्या नेत नाही."

सुखदेवभाऊनं भिंग आणलं. डब्यावर एका बाजूनं इंग्रजी, दुसऱ्या बाजूनं अरबी. दोन्हीकडून पाहून झाल्यावर म्हणाला, "काय लिवलं?"

"शंभर ग्रॅममध्ये प्रोटीन किती, चरबी किती, मीठ किती."

"लिवलं कोनं?"

"कंपनीनं. दुसरं कोण लिहिणार?"

"म्हंजे इकनाऱ्यानंच तोललं अन् इकनाऱ्यानंच लिवलं. मापारी कुठी होता?"

प्रज्ञा त्याचीच लेक. हार मानणारी नाही. ती म्हणाली, "ठीक आहे. मला जायला दहा दिवस आहेत. तुम्हीच मापारी. तुमच्या चान्या सरस निघाल्या तर किलोभर नेते, शब्द देते. मासोळी सरस निघाली तर तुमचं चान्या करणं बंद. कायमचं. गच्चीवर दोरीसुद्धा दिसली नाही पाहिजे."

"काटा म्हनन ते," सुखदेवभाऊ म्हणाला.

तो उठला अन् कपाटावरून आपला छोटा काटा काढला. पारडं लख्ख होतं, तरी त्यानं ते तीनदा पुसलं. बाजारात पन्नास गाड्या उभ्या असतानाही त्यानं पारडं कधी एकदाच्या वर पुसलं नव्हतं. मला नवल वाटलं. एका किलोसाठी एवढं काय?

पहिल्याच दिवशी डबा फोडला. सुखदेवभाऊनं मासोळी पांढऱ्या फडक्यात घेतली अन् पिळली. वाटीभर पाणी निघालं. ती वाटी त्यानं ओट्यावर मधोमध ठेवली, जशी कोर्टात मुद्देमाल ठेवतात तशी.

"पाह्य म्हादेवा. ही तुही मासोळी."

"माही कायले? माह्या घरी तं अंडंबी चालत नाई."

मग त्यानं शंभर ग्रॅम चान्या एका बाजूला ठेवल्या, शंभर ग्रॅम पिळलेली मासोळी दुसऱ्या बाजूला. म्हणाला, "आता सांग, खानं कशात जास्त हाये? ह्याच्यात नुसतं मटन. त्याच्यात अजूनबी अर्धं समुद्र हाये."

मी म्हटलं, निकाल लागला. पण प्रज्ञा हाताची घडी घालून उभी होती. म्हणाली, "बाबा, तुमचा माल वाळलेला अन् माझा ओला. बाजारात कोणी वाळलेला कापूस अन् ओला कापूस असा एका काट्यावर ठेवला असता तर तुम्ही काय म्हणाले असते?"

सुखदेवभाऊनं दोन्ही पारडी रिकामी केली. मग म्हणाला, "बराबर हाये. दोन्हीची ओल सारखी करा लागन."

अन् त्यानं मासोळी वाळवायला घेतली.

मी जगात ढीगभर प्रकार पाहिले, पण परदेशातून विमानानं आलेली, शिजवलेली, डब्यात भरलेली मासोळी अकोल्याच्या गच्चीवर पुन्हा वाळत घातलेली पाहिली नव्हती. आधी त्यानं ती दोरीला टांगून पाहिली. तुकडे पडले. मग सुईदोऱ्यानं ओवली. त्याचेही तुकडे पडले. शेवटी सुपात पसरली, वर मच्छरदाणी टाकली अन् मला म्हणाला, "म्हादेवा, बस."

दुपारी दोन वाजता मे महिन्यात गच्चीवर माणूस बसत नाही. मी बसलो. डोक्यावर छत्री, हातात काठी. पहिली मांजर पंधरा मिनिटांत आली. तासाभरात अकरा झाल्या. आमच्या गल्लीत अकरा मांजरी आहेत हे मला त्या दिवशी कळलं. त्या काही ओरडत नव्हत्या, भांडत नव्हत्या. नुसत्या ओळीनं बसल्या होत्या अन् माझ्याकडे पाहत होत्या, जशा माझा डोळा लागायची वाट पाहत असाव्यात.

तेवढ्यात बाजूच्या गच्चीवर आमची मंडळी कुरडया पालटायला आली.

"काय राखून राह्यले तुमी?"

"काई नाई."

"काई नाई तं ह्या मांजरी काहून जमल्या?"

"सत्संगाले आल्या असन."

तिनं नाक वर केलं, वास घेतला अन् पदर नाकाला लावला. "घरात पाय ठेवाच्या आधी आंग धुवा. दोन खेपा धुवा. अन् ते धोतर तिकळेच ठेवा."

संध्याकाळपर्यंत वास खालच्या गल्लीत उतरला. लोक मेलेला उंदीर शोधू लागले. एकानं गटाराचं झाकण उघडलं, दुसऱ्यानं पाण्याच्या टाकीत टॉर्च मारला. शेवटी कोणीतरी महापालिकेच्या माणसाला बोलावलं. तो नाकानंच माग काढत गच्चीवर आला. सूप पाहिलं, मच्छरदाणी पाहिली, मला पाहिलं.

"काका, हे काय?"

सुखदेवभाऊ पुढं झाला. "परयोग चालू हाये."

"किती दिवस चालन?"

"ओल निघेपर्यंत."

तो माणूस बिचारा दोन लेकरांचा बाप असावा. आल्या पावली उतरून गेला.

तिसऱ्या दिवशी मासोळीचा लाकडासारखा भुगा झाला होता. मधल्या काळात एका बोक्यानं एक तुकडा पळवला होता. माझा डोळा लागला नव्हता, मी फक्त मिटला होता. सुखदेवभाऊनं कागदावर लिहिलं, "तूट, मांजर," अन् तेवढं वजन अंदाजानं मासोळीच्या बाजूनं धरलं. मी म्हटलं, "भाऊ, ते कायले धरतं? नाई धरलं तं तुह्याच फायद्याचं हाये."

"मांजरीनं नेलं म्हनून मासोळी हलकी झाली का?"

प्रज्ञानं वजनं मांडली, डब्यावरचे आकडे मांडले, इंटरनेटवर मटणाचे आकडे काढले. दोन तास गुणाकार-भागाकार केले. शेवटी पेन ठेवून म्हणाली, "वाळल्यावर दोन्ही जवळपास सारखंच. प्रोटीन इकडेही तेवढंच, तिकडेही तेवढंच."

म्हणजे तीन दिवस उन्हात मी भाजून निघालो अन् काटा मधोमध.

मग सुखदेवभाऊनंच दुसरा उपाय काढला. आकडे गेले खड्ड्यात, ताकद पाहायची. मी चार दिवस चान्या खायच्या, त्यानं चार दिवस मासोळी खायची अन् पाचव्या दिवशी पंजा लढवायचा.

प्रज्ञा म्हणाली, "काका, आधी तुमचं बीपी पाहू द्या."

"माहं बीपी चांगलं हाये."

"कधी पाहिलं होतं?"

"कधीच नाई. म्हनून तं चांगलं हाये."

तिनं माझ्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आकडा पाहिला. त्या दिवसापासून माझ्या ताटात चान्याची वाटी अर्धीच यायला लागली.

सुखदेवभाऊ पहिल्यांदाच डब्यातली मासोळी खात होता. एक घास घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला. मी विचारलं, "कशी लागते?"

"ओली," तो म्हणाला.

चार दिवस झाले. पाचव्या दिवशी ओट्यावर कोपर टेकवून आम्ही पंजा धरला. मी एका दमात त्याचा हात पाडला. सुखदेवभाऊ हरून इतका खूश झालेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. लेकीकडे पाहून म्हणाला, "पाह्यलं? चान्या जिंकल्या."

"कुठल्या चान्या," प्रज्ञा म्हणाली. "काका आयुष्यभर हमाल होते अन् तुम्ही खुर्चीवर बसून काटा पाहत होते. काकांनी नुसतं पाणी पिलं असतं तरी जिंकले असते."

सुखदेवभाऊनं माझ्याकडे पाहिलं. मला कळत होतं की मी काय बोलायला पाहिजे. म्हणायला पाहिजे होतं, की नाही बाई, ही चान्यांचीच ताकद आहे, एरवी माझ्यात काय उरलं. एवढं एक वाक्य बोललो असतो तर कदाचित त्याची बाजू वर गेली असती. पण इज्जतीचा सवाल होता. मी म्हटलं, "हे खरं हाये. मी तं तसाबी जिंकलो असतो."

त्यानं मला शिवी दिली नाही. द्यायला पाहिजे होती.

प्रज्ञाला निघायला एकच दिवस उरला होता. ती म्हणाली, "आता शेवटचं. मिठाचं." तिनं सारख्या वजनाच्या चान्या अन् वाळलेली मासोळी दोन गंजांत वेगवेगळी उकळली, पाणी गाळलं अन् दोन ताटांत ओतून गच्चीवर ठेवलं. दुपारपर्यंत उन्हानं पाणी पिऊन टाकलं. मासोळीच्या ताटात तळाला साय धरावी तसा पातळ पापुद्रा उरला होता. चान्यांच्या ताटात मिठाचा पांढरा थर होता. नखानं खरवडता येईल असा.

"राहू द्या बाबा," प्रज्ञा म्हणाली. "दिसून राह्यलं." तिची शाळेतली भाषा गेली की समजायचं, तिला वाईट वाटून राहिलं.

"दिसते त्याले तोल म्हनत नाई," सुखदेवभाऊ म्हणाला अन् काटा मांडायला बसला.

प्रज्ञा खाली चहा ठेवायला गेली. मी हळूच त्याच्याजवळ सरकलो. म्हटलं, "भाऊ, वारा सुटला हाये. उलीसं मीठ उडालं तं कोन पाहते? मी फुंकू का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. पाणी मारलेला कापूस घेऊन येणाऱ्यांकडे तो असाच पाहायचा. पस्तीस वर्षांत ती नजर माझ्यावर कधी आली नव्हती. मी तोंड मिटलं अन् उलट वाऱ्याच्या बाजूनं अंग आडवं करून बसलो, म्हणजे एक कणही उडू नये.

त्यानं दोन्ही ताटं खरवडली, दोन्ही वजनं घेतली, पुन्हा घेतली. मग खाली येऊन, बाजारात पुकारायचा त्या आवाजात म्हणाला, "मीठ, मासोळीत एक हिस्सा. चान्यात चार हिस्से. बाकी माल सारखा. मासोळी सरस. चान्या पडल्या."

प्रज्ञा चहाचे कप घेऊन तशीच उभी राहिली.

सुखदेवभाऊ गच्चीवर गेला. दोरी सोडली, गुंडाळली. मच्छरदाणीची घडी घातली. मग कपाटातून कापडी पिशवी काढली. किलोभर चान्या, तोंड सुतळीनं शिवलेलं. लेक यायच्या आधीच त्यानं ती शिवून ठेवली होती. तो ओट्यापाशी बसला अन् ब्लेडनं एकेक टाका उसवायला लागला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, अन् उशिरा पडला याची मला लाज वाटली. चार वर्षांत मी सुखदेवभाऊला एकही चानी खाताना पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं अन् त्याचे दातही उरले नव्हते. पाच किलो मटण आणायचा, दोन दिवस उन्हात उभा राहायचा, कानाजवळ नेऊन एकेक मोडायचा, ते सगळं त्यातून एक किलो निवडण्यासाठी. जे नापास व्हायचं ते माझ्या ताटात. मी मान देत होतो ते नापास मालाला.

टाके उसवता उसवताच तो बोलला. वर पाहिलं नाही.

"तू मले साबन आनतं. खजूर आनतं. गोया आनतं. आता मासोळीबी आनतं. सारं तुह्याकळूनच येते. मंग माह्या घरून तुले न्याले काय राह्यलं?"

प्रज्ञानं कप खाली ठेवले. त्याच्या हातातलं ब्लेड काढून बाजूला ठेवलं. ती बापाच्या समोर जमिनीवर बसली. त्याच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला अन् त्याच्या उजव्या हातावर टाकला. अन् आपला हात त्या दुपट्ट्याखाली घातला.

ज्यांनी बैलांचा बाजार पाहिला नसेल त्यांना सांगतो. तिथं सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातावर कापड टाकतात अन् आत बोटं दाबून आकडा सांगतात. एक बोट, दोन बोटं, मूठ. बाहेरच्याला काही कळत नाही. प्रज्ञा सात वर्षांची असताना सुखदेवभाऊनं तिला हे शिकवलं होतं. एका वेळी किती आंबे खायचे, ते बापलेक असंच ठरवायचे अन् कमळावहिनी चिडायच्या, की माझ्याच घरात मला भाव कळत नाही.

"बोला बाबा," प्रज्ञा म्हणाली.

"काय बोलू? माल तं पडला."

"माल मी पाह्यला. पुढच्या साली चान्या बिनमिठाच्या होतीन का, ते मी मापाऱ्याले मंग विचारीन. आता किती न्याचं, तो आकडा तुमी बोला."

दुपट्टा उलीसा हलला. त्याचं बोट असावं. मग दुसऱ्या बाजूनं हलला. प्रज्ञानं मान हलवली, नाही. पुन्हा हलला. त्यानं मान हलवली, नाही. मला वाटलं पाव किलोवर तुटेल. मग वाटलं अर्ध्यावर.

बैलांच्या बाजारात मी ढीगभर सौदे पाहिले. कापडाखाली हात गेला की चार श्वासांत बाहेर येतो. पटलं तरी येतो, नाही पटलं तरी येतो. ह्या दोघांचे हात आत होते तोवर चहावर साय धरली. मग दुपट्टा हलायचाही थांबला. तरी हात काही बाहेर आले नाहीत.

मी भिंतीकडे तोंड करून बसलो. सौदा चालू असताना तिसऱ्यानं पाहायचं नसतं.